खोड चिरून पाहिलं नाही : सांवेरच्या नऊ एकर सोयाबीनचं प्रकरण

२०२० च्या ऑगस्टची १२ तारीख. सकाळी सहाला दाजींचा फोन आला. "बेन, सोयाबीन के पीलिया लगी गयो." म्हणजे सोयाबीन पिवळं पडायला लागलं. दाजी आमचे वाटेकरी. बाबांच्या वेळेपासून जमीन तेच करतात आणि मला लहानपणापासून बेन, म्हणजे बहीण, म्हणतात. आम्ही इंदूरच्या रामबागेतले, जमीन सांवेर तहसिलीत, नऊ एकर, काळी भारी. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. त्या वर्षी करोनामुळे शाळा बंद होत्या, वर्ग मोबाइलवर चालायचे, त्यामुळे शेतावर जायला सवड होती. पानावरच्या विषाणूंचा धडा मी दरवर्षी शिकवते. तरीही बांधावर उभी राहिले तेव्हा मी तेच केलं जे शेजारच्या प्रत्येकाने केलं. रंग पाहिला आणि औषध आणायला निघाले.

त्या हंगामात माळव्यात ठिकठिकाणी सोयाबीन ऐन शेंगा भरायच्या वेळी पिवळं पडलं. जो तो एकच नाव घेत होता, पीला मोझॅक, म्हणजे पांढऱ्या माशीने पसरणारा, पानं पिवळी करणारा विषाणूचा रोग. आमच्या नऊ एकरांत प्रत्यक्षात काय घडलं, कुठली चूक कुठल्या दिवशी झाली आणि कशाला उशीर झाला होता, ते इथे सविस्तर मांडते.

जमिनीचे तीन तुकडे आहेत. रस्त्याकडचा चार एकरांचा, नाल्याकडचा तीन एकरांचा आणि विहिरीचा दोन एकरांचा. पहिल्या दोन तुकड्यांत घरचं राखलेलं जेएस ९५-६० पेरलं होतं. हे वाण माळव्यात घरोघरी आहे, कारण ते ८५ दिवसांच्या आसपास निघतं आणि मागे बटाटा किंवा लसूण वेळेवर लावता येतो. विहिरीच्या तुकड्यात मात्र माझ्या मावसभावाने दिलेलं जेएस २०-२९ होतं. ते आठ-दहा दिवस उशिरा निघतं. त्याने बी देतानाच थायामिथोक्सॅम ३० एफएस हे कीटकनाशक लावून दिलं होतं, किलोला १० मिली या मापाने. घरच्या बियाला आम्ही फक्त बुरशीनाशक चोळलं. कीटकनाशकाची बीजप्रक्रिया बाबांनी कधी केली नव्हती, दाजींनीही नाही, आणि मी विचारलं नाही.

पेरणी २४ जूनला उरकली. बी एकरी ४० किलो टाकलं. उगवण कशी असेल याची खात्री नव्हती, म्हणून जास्त टाकलं. खात्री करायला पंधरा मिनिटं पुरली असती : ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि चार-पाच दिवसांनी कोंब मोजायचे. ते न केल्याने पीक दाट झालं, ओळींत हवा खेळेना, आणि पुढे पंपाचा फवारा खालच्या पानांपर्यंत पोचेना. जुलैत पावसाने लांबलचक दडी मारली. दाजींनी डोरा (कोळपं) चालवला, पंचविसाव्या दिवशी तणनाशक मारलं. पीक दिसायला हिरवंगार होतं. मधूनच एखादं रोप मान टाकलेलं दिसे. आम्ही म्हणालो, ऊन आहे.

माझ्या मते हे प्रकरण इथेच हातातून निसटलं. ऑगस्टमध्ये जे दिसलं ती नुसती पावती होती.

१२ तारखेला दुपारी मी दोन पानं पिशवीत घालून औषधांच्या दुकानात गेले. दुकानदाराने पानं काउंटरवर उलटीसुलटी केली आणि मिनिटभरात तीन बाटल्या समोर ठेवल्या. पांढऱ्या माशीचं एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, एक हिरवं टॉनिक. तिन्ही एकाच पंपात घाला, म्हणाला. सगळे हेच नेत आहेत. मी नेलं. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही, त्याच्यासमोर दोन पानंच होती. पण मी अख्खं झाड मुळासकट उपटून नेलं नाही आणि त्यानेही मागितलं नाही.

फवारणी दोन दिवसांत आटोपली, एकरी पाच पंप. आपल्याकडचा पाठीवरचा पंप साधारण १५ लिटरचा, म्हणजे एकरी ७५ लिटर पाणी. इंदूरला खंडवा रोडवर १९८७ पासून सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. पाठीवरच्या पंपासाठी तिची शिफारस हेक्टरी सुमारे ५०० लिटर पाण्याची असते, एकरी २०० लिटर, म्हणजे तेरा-चौदा पंप. पॉवर स्प्रेअर असेल तर हेक्टरी १२० लिटरच्या आसपास पुरतं. औषधाची मात्रा क्षेत्राच्या हिशेबाने ठरते, पाणी ती मात्रा पानापानांवर पोचवतं. आमच्या पाच पंपांत वरची पानं ओली झाली. पांढरी माशी बसते पानांच्या खालच्या बाजूला.

आठवड्याने, १९ ऑगस्टला, पिवळेपणा वाढलेला होता. दाजी म्हणाले, दुसरी दवा आणू. त्या दिवशी मी पहिल्यांदा नाही म्हणाले. झाडं उपटून आणायला सांगितली, प्रत्येक तुकड्यातून वीस, एका कोपऱ्यातली नकोत, पाच जागांहून चार-चार. पिवळीही हवीत आणि हिरवीही.

ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, दाढीचं एक जुनं ब्लेड घेतलं आणि एकेक खोड मधोमध उभं चिरत गेले. सोयाबीनच्या निरोगी खोडाचा गाभा पांढरा आणि भुसभुशीत असतो, थर्मोकोलसारखा. रस्त्याकडच्या पहिल्या खोडात शेंड्यापासून मुळाच्या वरपर्यंत तांबूस-तपकिरी वेडीवाकडी रेघ होती. गाभ्याच्या जागी भिजलेल्या चहापत्तीसारखा चोथा. बुंध्याजवळ पिवळट-पांढरी, दोन-तीन मिलिमीटरची, पाय नसलेली अळी वळवळत होती. दुसऱ्या खोडात अळी नव्हती, पण तपकिरी, जिऱ्यापेक्षाही बारीक कोष होता आणि त्याच्यासमोर सालीत टाचणीच्या टोकाएवढं भोक. आतला कीटक माशी होऊन बाहेर पडावा म्हणून अळीने ते आधीच कोरून ठेवलेलं असतं. ही खोडमाशी. माशी स्वतः काळी, चकचकीत, जेमतेम दोन मिलिमीटरची, त्यामुळे बांधावरून ती दिसायचा प्रश्नच नाही. रोप आठ-दहा दिवसांचं असताना ती पानात अंडी घालते. अळी शिरेतून देठात आणि देठातून खोडात उतरते. अंड्यापासून माशी व्हायला तीन-चार आठवडे पुरतात, म्हणजे एका हंगामात तिच्या अनेक पिढ्या होतात.

रस्त्याकडच्या वीस खोडांपैकी चौदांत बोगदा निघाला. मला खरा धक्का दिला तो पुढच्या गोष्टीने. त्या चौदांतली सहा झाडं वरून पूर्ण हिरवी होती. खोडमाशी लागलेलं झाड पिवळं पडेलच असं नाही. ते उभं राहतं, फुलतं, शेंगा मात्र कमी धरतं आणि दाणा बारीक राहतो. आणि ज्या झाडांना ठळक मोझॅक होता, त्यांतल्या काहींची खोडं आतून स्वच्छ पांढरी होती. दोन वेगळी दुखणी एकाच शेतात शेजारी शेजारी नांदत होती आणि आम्ही दोघांना एकच नाव दिलं होतं.

नाल्याकडच्या वीस झाडांत चित्र निराळं निघालं. तिथे मोझॅक जास्त. पानांवर चमकदार पिवळ्या आणि हिरव्या चकत्यांची गोधडी, कोवळी पानं सुरकुतलेली. पान उलटून हलवलं की पांढऱ्या माश्या धुळीसारख्या उडत. मी त्या तुकड्याची पूर्ण फेरी मारली. पिवळेपणा सगळीकडे सारखा नव्हता. नाल्याच्या बाजूला दाट, आत शिरावं तसा विरळ. त्या बांधापलीकडे उन्हाळी मूग होता, तोडणीनंतर त्याची झाडं बांधाला तशीच राहिली होती, पिवळी धमक. आपल्याकडे सोयाबीनवर येणारा हा विषाणू मुगावर आणि उडदावरही जगतो. पांढरी माशी तो एका झाडातून शोषते आणि पुढे दिवसेंदिवस वाटत राहते. आमच्या मोझॅकचं मूळ बहुधा त्या मुगात होतं. झाडात शिरलेल्या विषाणूवर औषध नाही. कीटकनाशक फक्त माशी कमी करतं, आणि त्याचा उपयोग पहिली दहा-वीस झाडं पिवळी असताना, ती उपटून पुरल्यावर. आम्ही फवारलं तेव्हा त्या बाजूचं प्रत्येक तिसरं-चौथं झाड बाधित होतं.

याच तुकड्यात चक्री भुंगाही सापडला. त्याची खूण एकदा पाहिली की विसरत नाही. देठावर किंवा खोडावर एकमेकींपासून थोड्या अंतरावर दोन कड्या कोरलेल्या असतात, सुरीने फिरवाव्यात तशा. मादी त्या दोन कड्यांच्या मध्ये अंडं घालते. वरचा भाग वाळून मान टाकतो. अळी खोड पोखरत खाली जाते आणि शेवटी जमिनीपासून वीतभर उंचीवर खोड आतून कापते. मग वाऱ्याने झाड मोडतं, ऐन काढणीच्या तोंडावर. जुलैत मान टाकलेली जी रोपं आम्ही उन्हाच्या खात्यावर घातली, त्यांतली काही या भुंग्याची असणार. तेव्हा वाळलेले शेंडे कड्यांच्या खालून तोडून घेतले असते, तर अळी शेंड्याबरोबरच शेताबाहेर गेली असती. त्याला फक्त दोन माणसांची एक सकाळ लागली असती.

रस्त्याकडच्या एका उंचवट्यावरची तीन झाडं आणखी वेगळी होती. पानं वाळून झाडालाच लोंबत होती. मुळाची साल नखाने सोलली तर खाली राखाडी भाग आणि त्यावर कोळशाच्या पुडीसारखे काळे कण. ही कोळसाकूज, पाऊस ओढ देतो आणि जमीन तापते तेव्हा जोर धरणारी बुरशी. वरून बुरशीनाशक फवारून ती थांबत नाही, कारण ती मुळात असते. आणि विहिरीच्या पाइपाजवळ, जिथे पाणी झिरपून चिखल झाला होता, तिथली पिवळी पानं कुठल्याच रोगाची नव्हती. शेंड्याची नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. चुनखडीच्या ओल्या जमिनीत मुळांना लोह मिळत नाही तेव्हा असं होतं. पाणी काढून दिलं आणि दहा-बारा दिवसांत नवी पानं हिरवी आली.

विहिरीच्या तुकड्यातल्या वीस खोडांपैकी पाचांत बोगदा होता, तोही आखूड. पूर्ण तुकड्यात मोझॅकची अकरा झाडं मोजली. हे बीजप्रक्रियेमुळे की वाणामुळे, हे आमच्या शेतावरून ठामपणे सांगता येणार नाही, कारण दोन्ही बदल एकाच तुकड्यात झाले होते. जेएस २०-२९ मोझॅकला चांगलं टिकतं हे माहीत आहे, आणि थायामिथोक्सॅमची बीजप्रक्रिया पहिले तीन-चार आठवडे खोडमाशी आणि पांढरी माशी दोघींना आवरते हेही. माझा अंदाज, मोझॅक वाणाने अडवला आणि खोड बीजप्रक्रियेने वाचवलं.

आता प्रश्न होता, छप्पन्नाव्या दिवशी काय करायचं. दाजींशी मी दोन तास बोलले आणि हे दोन तास सगळ्यात कठीण गेले. पीक डोळ्यांदेखत जात असताना काही न फवारणं हे शेतकऱ्याला पाप वाटतं. मीही तशाच घरातली आहे. पण चिरलेली खोडं समोर होती. बोगद्यातल्या अळीपर्यंत वरचा फवारा धड पोचत नाही, आणि पोचला तरी खाल्लेला गाभा परत येत नाही. मोझॅक झालेलं झाड बरं होत नाही. आणखी एक मारा म्हणजे एकरी हजार-बाराशे रुपये आणि इल्ली (पानं खाणारी अळी) फस्त करणाऱ्या मित्रकिडींचा बळी. रस्त्याकडच्या आणि नाल्याकडच्या तुकड्यांवर पुढे एक रुपयाही घालायचा नाही असं ठरलं. दाजींनी खोडाचे दोन तुकडे उचलून खिशात घातले, गावात दाखवायला.

विहिरीच्या तुकड्यातली अकरा झाडं मी आणि दाजींच्या सुनेने पहाटे उपटली. पहाटे गारव्यात माशी सुस्त असते. झाड हलवून उपटलं तर ती शेजारच्या झाडावर बसते, म्हणून आधी झाडावर पोतं चढवायचं, मग उपटायचं. पोतं खड्ड्यात पुरलं.

२१-२२ ऑगस्टला इंदूर परिसरात जो धुवाधार पाऊस झाला तो सगळ्यांच्या लक्षात आहे. नाल्याकडचा तुकडा दीड दिवस पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर विहिरीच्या तुकड्यात खालची पानं उकडल्यासारखी दिसू लागली, एकमेकांना चिकटलेली, मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू. तिथे मात्र आम्ही वेळ घालवला नाही. टेब्युकोनॅझोल हे बुरशीनाशक, हेक्टरी ६२५ मिलीच्या हिशेबाने एकरी २५० मिली, एकटंच, काहीही न मिसळता, एकरी तेरा पंप पाण्यातून. दाजी हसत नव्हते, पण पंप मोजताना त्यांनी दोनदा विचारलं, खरंच तेरा? तेरा.

विम्याबद्दल एक गोष्ट लिहिते, कारण गावात फार गोंधळ होता. पंतप्रधान पीक विमा योजनेत ७२ तासांत कळवायची अट आहे ती गारपीट, शेतात पाणी साचणं अशा स्थानिक आपत्तींसाठी आणि काढणीनंतर शेतात पसरलेल्या पिकासाठी. कीड-रोगाचं नुकसान एकेका शेतकऱ्याच्या तक्रारीवर मोजलं जात नाही. मध्य प्रदेशात ते तेव्हा पटवारी हलक्यातल्या (तलाठी सज्जातल्या) पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीवरून ठरायचं. त्यामुळे पिवळ्या शेताचा फोटो पाठवून वाट पाहणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही. आमच्या नाल्याकडच्या तुकड्यात पाणी साचलं होतं, त्याची खबर आम्ही मुदतीत द्यायला हवी होती. दिली नाही.

काढणीत रस्त्याकडच्या तुकड्याने एकरी दीड क्विंटल दिलं, नाल्याकडच्याने त्याहून कमी, विहिरीच्याने साडेपाच. काढणीच्या मजुरीचाही रस्त्याकडे हिशेब लागला नाही.

२०२१ साली आम्ही काय बदललं ते सांगताना एक कबूल करते. जेएस ९५-६० सोडलं नाही. मी सोडा म्हणत होते. दाजी म्हणाले, बटाटा कोण लावेल? त्यांचं बरोबर होतं. बटाट्याने त्या घराचं वर्ष निघतं, आणि ऑक्टोबरच्या मध्याला रान मोकळं हवंच. मग रस्त्याकडे चार एकर ९५-६०, बाकी सगळं २०-२९.

उन्हाळ्यात खोल नांगरट केली आणि खोडक्यांचे ढीग बांधावर ठेवले नाहीत. चक्री भुंग्याची अळी त्या खोडक्यांतच हिवाळा आणि उन्हाळा काढते. शेजाऱ्यांना विनंती करून बांधावरचा मूग पेरणीआधी उपटून घेतला, त्यासाठी मी स्वतः त्यांच्या घरी दोन चहा प्याले. पेरणी चार इंच पाऊस पडून गेल्यावरच. बियाची उगवण मोजली आणि एकरी ३२ किलोवर आणलं, ओळींत दीड फूट अंतर ठेवलं. बीजप्रक्रिया ओळीने : आधी बुरशीनाशक, ते वाळल्यावर थायामिथोक्सॅम, आणि अगदी पेरताना रायझोबियमचं जिवाणू खत. हा क्रम उलटला तर जिवाणू मरतात.

आणि बाराव्या दिवसापासून दर चार दिवसांनी खोडं चिरायची. हे काम दाजींच्या नातीने घेतलं. ती नववीत होती, तिने वहीत तारखा घालून रकाने आखले : किती चिरली, किती बोगदे, किती कड्या. बाराव्या दिवशी वीसांत शून्य. सोळाव्या दिवशी एक. विसाव्या दिवशी रस्त्याकडच्या तुकड्यात वीसांत तीन बोगदे निघाले, सगळे बोटाच्या पेराएवढे, आणि तीन देठांवर ताज्या कड्या. तिने मला फोटो पाठवला. अळी देठाच्या अगदी जवळ होती, खोडात नुकती उतरलेली.

त्याच संध्याकाळी ऊन कलल्यावर त्या चार एकरांत क्लोरअँट्रानिलीप्रोल १८.५ एससी हे कीटकनाशक मारलं, हेक्टरी १५० मिली म्हणजे एकरी ६० मिली, तेरा पंपांतून. तणनाशकाबरोबर कोणतं कीटकनाशक चालतं याच्या ठराविक जोड्या संस्थेच्या सल्ल्यात असतात, पण आम्ही तेव्हा काहीच मिसळलं नाही. कड्या पडलेले देठ दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीने आणि तिच्या आईने तोडून पोत्यात भरले. बाकीच्या पाच एकरांत वीसांत एकच बोगदा होता. तिथे फवारलं नाही, चोविसाव्या दिवशी पुन्हा चिरायचं ठरलं.

चोविसाव्या दिवशी तिथे दोन निघाले. वहीत तिने त्या ओळीपुढे लिहिलं होतं, "कड्या नाहीत. अठ्ठाविसाव्याला परत."